सैन्य मागे फिरलं

ग्रीक शिकून काय मिळतं, हे मला दर जानेवारीत विचारलं जातं. विचारणारा बहुधा कुणीतरी बाप असतो, दोन्ही हात कोटाच्या खिशात, आणि शेजारी तेरा वर्षांची पोर अवघडून उभी. मी तोंड उघडायच्या आत आमचे हेडमास्तर उबाल्दो जेन्तिलुच्ची उत्तर देऊन मोकळे होतात. तर्कशक्ती वाढते, डॉक्टरकीची प्रवेशपरीक्षा सोपी जाते, मोठ्या कंपन्यांना अशीच मुलं हवी असतात. मी इटलीतल्या या डोंगरावरच्या गावात इतकी वर्षं ग्रीक आणि लॅटिन शिकवतेय की निम्मी नगरपालिका माझ्या हातून नापास झालेली आहे. मोठ्या कंपनीने येऊन त्यांच्यातल्या कुणाला उचलून नेल्याचं माझ्या तरी कानावर नाही.

तर यंदाची गोष्ट. पालकांना शाळा दाखवायचा दिवस तोंडावर आला होता आणि मी दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची उताऱ्याच्या भाषांतराची परीक्षा घेतली. दोन तास, एक ग्रीक उतारा, सोबत विटेएवढा शब्दकोश. पोरांनी आपापले फोन टेबलावरच्या टोपलीत टाकले. ते सगळे घरातले जुने, मेलेले फोन होते, आणि खरे मांडीवर होते, हे मला ठाऊक होतं. पहिली ओळ टाकली की अख्खा उतारा भाषांतरासकट समोर येतो, हेही ठाऊक होतं. म्हणून मी शेवट बदलला होता. मूळ उताऱ्यात सेनापती नदीकाठी बळी देतो, कौल चांगला लागतो आणि सैन्य नदी पार करतं. माझ्या कागदावर कौल वाईट लागत होता आणि सैन्य मागे फिरत होतं.

घरी पेपर तपासायला बसले. एकामागून एक सैन्य नदी पार करत होतं, तेही सुरेख भाषेत. मला इतका संताप आला की चहा निवून गेला. शेवटून दुसरा पेपर देल्फिना पिएरान्तोनीचा होता. तो पेपर म्हणजे नुसता गोंधळ. सेनापतीचा तंबू तिने गाढवावर चढवला होता आणि एक अख्खं वाक्य गिळलं होतं. पण शेवटी अडखळत, खाडाखोड करत लिहिलं होतं की देवांनी नकार दिला आणि माणसं आली तशी परत गेली.

मी तिला दहापैकी सहा दिले. आमच्याकडे सहाला पास. बाकी सगळ्यांना दोन.

देल्फिनाला ग्रीकमध्ये सहा कधीच पडले नव्हते. तिची आई लोरेदाना चौकात भरलेले ऑलिव्ह पिठात घोळवून, तळून विकते. जानेवारीअखेर ग्रीकमध्ये पास झाली नाहीस तर खाली समुद्राकडच्या, हॉटेलकाम शिकवणाऱ्या शाळेत नाव घालीन, असं तिने पोरीला बजावलं होतं. आमच्या शाळेत हे शिपायापासून सगळ्यांना माहीत होतं.

दुसऱ्याच दिवशी पोरांच्या आयांच्या फोन-ग्रुपवर आग लागली. त्यातली एक वकील. ती थेट उबाल्दोच्या खोलीत गेली आणि म्हणाली की बाईंनी उताऱ्यात फेरफार केला, तेव्हा परीक्षाच बाद. उबाल्दोने मला बोलावून घेतलं.

"एर्मिनिया, तुला हाच आठवडा सापडला होता का? रविवारी पालक येणार. पहिल्या वर्षाला पुरेशी नावं आली नाहीत तर वर्ग उघडायचा नाही, असं वरून कळवलंय."

"पोरांनी नक्कल केली, उबाल्दो."

"केली. दर वर्षी करतात. पण उतारा बदलला कोणी?"

"आणि एक पोर तो वाचून बरोबर लिहून गेली, तिचं काय?"

"तिलाही पुन्हा बसू दे. एकीसाठी मी अख्खं गाव अंगावर घेऊ का?"

त्याने परीक्षा रद्द केली. नवीन परीक्षा शनिवारी, आणि उताऱ्यात काहीही बदलायचं नाही, असं माझ्याकडून कबूल करून घेतलं. पोरांना मात्र त्याने एवढंच सांगितलं की परीक्षा परत होईल.

देल्फिनाला मी जिन्यात गाठलं. परीक्षा रद्द झाल्याचं तिला कळलं होतं.

"बाई, सहा गेले ना?"

"गेले. शनिवारी पुन्हा मिळव."

"आईला सांगून बसलेय मी. तिने दुकानात सगळ्यांना फुकट ऑलिव्ह वाटले."

मग जे विचारायचं होतं ते विचारलं. "तुझ्याकडे फोन नव्हता?"

"होता की. मीही बघितलं. त्यात सैन्य पलीकडे जात होतं."

"मग?"

"कागदावर जात नव्हतं. मी तीनदा शब्दकोश काढून बघितला. वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

"तरी तेच लिहिलंस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच ढ होते. "कागदावर तेच होतं, बाई."

शनिवारी टोपलीत फोन टाकण्याआधी मी प्रत्येकाला तो चालू करून दाखवायला लावला. वर्गाचं धाबं दणाणलं. उतारा वेढा पडलेल्या शहराचा होता. ही गोष्ट त्यांनी इतिहासाच्या तासाला ऐकलेली होती: आतला एक फितूर होतो आणि वेशीचे दरवाजे उघडतो. मी शब्द दिल्याप्रमाणे एक अक्षर बदललं नव्हतं. कागदावरही दरवाजे उघडतच होते.

दोन तास कुणाचं डोकं वर नव्हतं. मला बरं वाटलं, म्हटलं चला, अखेर ही कार्टी वाचायला लागली. तो आनंद घरी पोचेपर्यंत टिकला. तपासायला घेतलं तर पहिल्याच पेपरात दरवाजे बंद. दुसऱ्यात फितुराला वेळीच पकडलेलं. तिसऱ्यात त्याला पश्चात्ताप होऊन तो घरी जाऊन झोपलेला. निम्म्याहून जास्त वर्गाने शहर वाचवलं होतं. बाई शेवट फिरवते, हे पक्कं ठरवून ही मंडळी आली होती, आणि मी न फिरवलेला शेवट त्यांनी स्वतःच फिरवला होता. मी आधी हसले, मग कपाळाला हात लावला. आधी फोनकडून ऐकलेलं लिहिलं, आता भीती लिहिली. कागद दोन्ही वेळा तसाच पडून राहिला.

देल्फिनाच्या पेपरात चुका होत्याच. शहरातल्या बायकांना तिने धनगर करून टाकलं होतं. पण दरवाजे उघडले होते. मी दोनदा तपासलं, कारण मला तिला पास करायचंच होतं आणि अशा वेळी माझा माझ्यावर भरवसा नसतो. सहा होत होते. ओढूनताणून नव्हे, सरळ सहा.

रविवारी पालक आले. फार नव्हते. देल्फिना खुर्च्या मांडत होती आणि लोरेदाना ऑलिव्हचा भलामोठा ट्रे घेऊन भिंतीशी उभी होती. तिला सहाचं कळलं होतं, पण चेहरा काही खुलला नव्हता. एका बापाने खिशात हात घालून ठरलेला प्रश्न विचारला. उबाल्दोने घसा खाकरला. या वेळी मी त्याच्याआधी बोलले.

"कागदावर आहे ते वाचता येतं. ऐकलेलं नाही, हवं असलेलं नाही, भीती वाटते तेही नाही. जे आहे ते."

"एवढंच?"

"एवढंच. त्याला पाच वर्षं लागतात आणि सगळ्यांना जमत नाही."

उबाल्दोने डोळे मिटून घेतले. तो बाप हसला आणि एक ऑलिव्ह तोंडात टाकून खिडकीकडे गेला.

लोरेदाना ट्रे ठेवून माझ्याजवळ आली. "बाई, खरं सांगा. आधी दिले, मग काढून घेतले, आता परत दिले. दया म्हणून दिलेत ना?"

"मी अर्धा गुण तरी कुणाला फुकट दिलाय का? गावात विचार."

"ते माहितीय. तुमच्या नावाने अजून लोक बोटं मोडतात." तिने मान वळवली. "देल्फिना, इकडे ये. दोन वर्षं रडत अभ्यास करतेस. तिकडे हॉटेल-शाळेत पहिली येशील. तरी तुला इथेच राहायचंय?"

"हो."

"का पण?"

देल्फिनाने हातातली खुर्ची खाली ठेवली. आमच्यापैकी कुणाला आवडेल असं उत्तर ती शोधत नव्हती, हे दिसत होतं. ती खरोखर आठवून बघत होती.

"त्या पहिल्या परीक्षेच्या दिवशी अख्खा वर्ग एकीकडे होता आणि मी एकटी. आणि माझं बरोबर होतं," ती म्हणाली. "असं माझ्या बाबतीत कधी झालं नव्हतं, आई. मला ते परत हवंय."

उबाल्दो बघत होता म्हणून मी पाठ फिरवली आणि ट्रेमधला एक ऑलिव्ह उचलला.

लोरेदानाने पोरीच्या खांद्यावरचं पीठ झटकलं, जे खरं तर स्वतःच्याच हाताचं होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग खुर्च्या लाव. लोक उभे आहेत."