ॲडमिनच्या हक्काने

स्कॅन सेंटरमधल्या टायपिस्टबाईंचा प्रिंटर आठवड्यातून दोनदा तरी रुसायचा. अडकलेल्या फायली पुसायला गेलं की कॉम्प्युटर म्हणायचा, तुम्हाला परवानगी नाही. मग कॉम्प्युटरवाल्याला फोन आणि त्याची वाट बघत बसणं. शेवटी तोच वैतागला. माउसचं उजवं बटण दाबल्यावर येणाऱ्या मेनूत त्याने एक ओळ वाढवून दिली, 'ॲडमिन म्हणून उघडा'. पासवर्डही विचारणार नाही, अशी सोय केली.

"प्रिंटरपुरतंच हं, बाई. बाकी कुठे हात लावू नका."

"मला काय करायचंय बाकीचं?" बाई म्हणाल्या, आणि तसं त्यांच्या मनातही नव्हतं.

सोमवारी दुपारी प्रिंटर पुन्हा अडला. बाईंनी ती ओळ निवडली, फायली पुसल्या आणि मागच्या फोल्डरात परत जाताना एक पायरी जास्त वर गेल्या. समोर सगळ्यांची फोल्डरं. एरवी डॉक्टरांच्या फोल्डरवर कुलपाचं चिन्ह असायचं, आज ते नव्हतं. खरंच उघडतं का बघू, एवढंच त्यांच्या मनात आलं.

उघडलं. पहिल्याच फायलीवर ताईचं नाव होतं.

नावासारखं नाव असेल, म्हणून त्यांनी वय पाहिलं, पत्ता पाहिला. ताईच होती. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. उजव्या फुप्फुसात गाठ. असली वाक्यं बाई दिवसाला दहा टाइप करत, हात आपोआप चालत. हा रिपोर्ट मात्र डॉक्टरांनी स्वतः दोन बोटांनी बडवलेला दिसत होता, ओळीओळीत चुका. बाईंना त्या चुकाच दिसत राहिल्या. आई गेल्यावर जिने वेणीफणीपासून सगळं केलं, ती ताई कालच घरी येऊन पडदे मळलेत म्हणून बोलून गेली होती.

त्या उठल्या आणि थेट डॉक्टरांच्या खोलीत गेल्या.

"त्या ॲडमिनच्या ओळीने मी तुमचं फोल्डर उघडलं. ताईचा रिपोर्ट वाचला."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "धाकटीच्या हातात हा कागद पडू देऊ नका, असं त्यांनी बजावलं होतं. म्हणून मी स्वतः टाइप केला." ते रागावले नाहीत, आणि तेच बाईंना जास्त लागलं. "तुम्ही उघडायला नको होतं. ती ओळ आजच काढायला सांगतो."

"काढाच," बाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्या ताईकडे गेल्या. ताई इस्त्री करत होती. बहिणीचा चेहरा बघून तिने इस्त्री उभी केली.

"डॉक्टर बोलले?"

"नाही. मीच चोरून वाचलं."

ताई म्हणाली, "सांगणार होते गं. शब्द जुळवत होते."

"तीन आठवडे?"

"तीस वर्षं पोरांना निबंध शिकवले, आणि माझीच दोन वाक्यं जुळेनात." तिने सदऱ्याची बाही उगाच सरळ केली. "गुरुवारी ऑपरेशनची तारीख देणार आहेत. चल सोबत. पण तिथे रडायचं नाही."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि तिथेच, कपड्यांच्या ढिगाशेजारी बसून हमसून हमसून रडल्या. ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं आणि त्यांच्या शेजारी येऊन बसली.