पाचवा फाऊल

पनवेलच्या त्या कॉलेजात चारुता अकरा वर्षं ग्रंथालयात होती आणि अकराही वर्षं हंगामीच. दर जूनला नवं नेमणूकपत्र यायचं. ते हातात पडेपर्यंत कुणाला नाही म्हणायची सोय नसायची. म्हणूनच क्रीडाशिक्षक परेश सर जेव्हा म्हणाले, "बास्केटबॉलचे गुण लिहायला माणूस नाही, तुम्ही बसा," तेव्हा ती नियम पाठ करून टेबलाशी बसू लागली.

बसून बसून तिचा जीव जडला तो राखीव खेळाडूंच्या बाकावरच्या मनिषावर. मनिषा करंज्याच्या कोळीवाड्यातली. बाप बोटीवर, आई बाजारात मासळी विकणारी. पोरगी पहाटेची एसटी धरून यायची आणि मैदानाचं गेट उघडायच्या आधी दारात हजर असायची. चणीने ठेंगणी, पण चेंडू हाताला चिकटल्यासारखा. दोन वर्षांत सरांनी तिला तीनदाच उतरवलं, तेही सामना हातातून गेल्यावर. तिच्या जागी अंकिता खेळायची, संस्थेच्या अध्यक्षांची मुलगी. वाईट नव्हती खेळायला, पण डोकं तापलं की धक्के द्यायची.

उपांत्य सामन्याला सभागृह भरलं होतं. पोरं बाकांवर उभी राहून ओरडत होती. टेबलावरच्यांनी मात्र टाळीसुद्धा वाजवायची नाही, असा नियम. चारुता ओठ मिटून लिहीत होती.

तीन मिनिटं उरली असताना अंकिताने समोरच्या मुलीला ढकललं. शिट्टी वाजली. चारुताने फाऊलची नोंद केली, मग वरपासून मोजलं. पाच. म्हणजे नियमाने अंकिता बाहेर.

तेवढ्यात परेश सर टेबलावर वाकले.

"चारच आहेत ना, मॅडम? नीट बघा."

"पाच आहेत, सर."

"जूनचं पत्र माझ्या शिफारशीवर निघतं. परत बघा."

चारुताने परत पाहिलं. आकडा तोच होता, पण तिच्या मनात शंका आली. मनिषा उतरावी म्हणून तर आपण हटून बसलो नाही ना? चार असते तर आपण चारच म्हटलं असतं का? पंच टेबलाकडे पाहत होते. तिने पाचाची पाटी उचलली.

राखीव बाकावर दुसरं कुणी उरलंच नव्हतं. मनिषा उतरली आणि उतरल्या उतरल्या दोघींच्या मधून निसटून तिने बास्केट केली. सभागृह दणाणलं. पाठोपाठ दुसरी. ओरडावंसं वाटत असूनही चारुता मुकाट्याने आकडे लिहीत होती. शेवटच्या क्षणी मनिषाने फेकलेला चेंडू कड्यावर फिरून बाहेर पडला. सामना एका गुणाने गेला.

पाणी प्यायला मनिषा टेबलापाशी आली.

"मॅडम, आख्खी पोरं वरडत होती. तुमीच नाय वरडला?"

"टेबलावरच्यांना ओरडता येत नाही गं."

"मंग आता वरडा की. सामना संपला हाय." मनिषा हसली.

चारुता काही बोलणार, तोच सरांची हाक आली. "मॅडम, तो कागद घेऊन अध्यक्षांच्या खोलीत या."

ती गेली. जूनमध्ये पत्र आलं, पण सहा महिन्यांचं. टेबलाचं काम काढून घेतलेलं, आणि सामन्याच्या वेळी ग्रंथालय सोडायचं नाही अशी लेखी ताकीद. अंकिता पदवी घेऊन बाहेर पडली होती, मनिषा आता संघाच्या पहिल्या पाचांत खेळत होती.

ऑगस्टमधल्या पहिल्या सामन्याला चारुता पुस्तकांच्या रांगांमध्ये उभी होती. भिंतीपलीकडून आरडाओरडा येत होता. तो कुणासाठी, काही कळेना. एकदा तर एवढा गलका उठला की तिच्या हातातलं पुस्तक तसंच राहिलं.

"मनिषा!" ती मोठ्याने ओरडली. "मनिषा, मार!"

वाचणाऱ्या दोन मुलांनी दचकून माना वर केल्या. चारुताने पुस्तक खणात सरकवलं आणि पुढचं उचललं.