मोऱ्यांचा तंबू

"बघा, बघा मोरेसाहेब, अख्खं झाड उचललं त्यानं!" चारुदत्त परचुरे ओरडला. मैदानात चौकड्यांचा किल्ट नेसलेला एक धिप्पाड माणूस विजेच्या खांबाएवढं लाकूड तळव्यांवर तोलत धावत होता. लाकूड हवेत उलटं होऊन कोसळलं आणि अख्ख्या ग्लेनकेअर्ननं टाळ्या वाजवल्या.

ग्लेनकेअर्न हे स्कॉटलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं डोंगरातलं छोटं गाव, ही मंडळी राहत त्या न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसरपासून तासाभरावर. चौऱ्याऐंशीच्या त्या उन्हाळ्यात परचुरे आणि मोरे ही दोन कुटुंबं जवळजवळ दर रविवारी तिकडे जात. कधी जुनी पाणचक्की बघायची, कधी तळ्यातल्या बदकांना पाव घालायचा, कधी शेतावर जाऊन ब्लूबेरी तोडायच्या. परचुऱ्यांच्या लांबलचक स्टेशन वॅगनमध्ये मागच्या बाकावर दीपा मोरे आणि मीरा परचुरे उलट्या तोंडानं बसत आणि मागून येणाऱ्या गाड्यांना वेडावून दाखवत. आज गावात स्कॉटिश खेळांची जत्रा होती.

ज्ञानदेव मोरे रंगाच्या कंपनीत प्रयोगशाळेत होता. रंगवलेले पत्रे उन्हापाण्यात ठेवायचे आणि कुठला रंग आधी उडतो ते बघायचं, हे त्याचं काम. माणूस मितभाषी. पहिल्या भेटीत चारुदत्तनं विचारलं होतं, "मोरे म्हणजे जावळीकडचे का?" ज्ञानदेव म्हणाला होता, "साताऱ्याकडचे." ते खरंच होतं. पुढचं कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. राधाला, त्याच्या बायकोला, ते खटकायचं.

"विचारलं तर सांगेन की," तो म्हणायचा.

"विचारायची पाळी येऊ नये असंच तुम्हाला वाटतं," राधा म्हणायची.

मैदानाच्या कडेला घराण्याघराण्यांचे तंबू लागले होते. प्रत्येकावर आडनावाची पाटी, प्रत्येकाच्या चौकड्यांचा रंग वेगळा. एका तंबूतल्या म्हातारबाईंनी या मंडळींना हसून थांबवलं. तुमचं घराणं कोणतं, असं त्या गमतीनं येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना विचारत होत्या.

चारुदत्त पुढे सरसावला. आमच्याकडेही असंच असतं, हे माझे मित्र तर लढवय्या घराण्यातले, राजाशी टक्कर घेतलेले, असं त्यानं इंग्रजीत रंगवून सांगितलं. मग मराठीत म्हणाला, "मोरेसाहेब, आपली जत्रा असती ना, तर मोऱ्यांचा तंबू सगळ्यात मोठा!"

ज्ञानदेव हसला. कुठे नजर ठेवावी हे त्याला कळेना.

"नो, काका," नऊ वर्षांची दीपा म्हणाली. "वी आर बुद्धिस्ट. बाबा, टेल हर अबाउट बाबासाहेब!"

म्हातारबाई कौतुकानं ऐकायला पुढे झुकल्या. ज्ञानदेव तंबूच्या पाटीवरचं आडनाव वाचत राहिला. शेवटी राधाच म्हणाली, "शी इज राइट."

"अच्छा," चारुदत्त म्हणाला. "असं होय. अच्छा, अच्छा." त्याची बायको सुलेखा खाली वाकली आणि मीराच्या बुटाची न सुटलेली नाडी बांधत राहिली.

दुपारी झाडाखाली राधानं डबा उघडला. तिच्या हातच्या भरल्या वांग्यांवर परचुरे मंडळी दर रविवारी तुटून पडत.

"आज नको गं," सुलेखा म्हणाली. "ॲसिडिटी झालीय."

"मी मघाशीच हॉट डॉग खाल्ला ना," चारुदत्त म्हणाला.

मीरानं सवयीनं हात पुढे केला. सुलेखानं तो धरला. "मीरा, नो."

"व्हाय?"

परतताना चारुदत्तनं रेडिओ मोठ्यानं लावला.

पुढच्या शनिवारी त्याचा फोन आला. "उद्याचं कॅन्सल करू या. मीराला ताप आलाय." त्यापुढच्या शनिवारी पाहुणे येणार होते. तिसऱ्या शनिवारी फोन आलाच नाही.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दीपा तयार होऊन सकाळपासून पायरीवर बसली होती. "बाबा, डिड आय से समथिंग बॅड?"

"नाही," ज्ञानदेव म्हणाला. "तू खरं तेच बोललीस." आणि मग, ते आपणच तेव्हा बोलायला हवं होतं हे जाणवून, तो घाईनं म्हणाला, "चला. आपण आपले जाऊ."

त्यांची जुनी डॅटसन धापा टाकत ग्लेनकेअर्नला पोचली. तळ्याकाठी स्टेशन वॅगन उभी होती. परचुरे मंडळी गवतात चादर टाकून बसली होती आणि त्यांच्यासोबत टेक्ससमधल्या प्लेनोहून नुकतंच बदली होऊन आलेलं एक मराठी जोडपं होतं.

चारुदत्त अर्धवट उठला. "अरे, तुम्ही पण? आमचं अगदी ऐन वेळी ठरलं, नाहीतर फोन करणारच होतो..."

"मीराचा ताप उतरला?" ज्ञानदेवनं विचारलं.

"हो. म्हणजे, केव्हाच."

"बरं झालं."

राधा हलकेच म्हणाली, "पलीकडे बसू या का?"

"इथे सावली आहे," ज्ञानदेव म्हणाला, आणि त्यानं आपली चादर त्यांच्यापासून चार हातांवर पसरली. परचुरे मंडळी हळू आवाजात बोलू लागली. मीरा उठू लागली तशी सुलेखानं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

राधानं वाढलं. ज्ञानदेव त्यांच्याकडे तोंड करून ताठ बसला आणि सावकाश भाकरी मोडून खाऊ लागला. दीपा मात्र पाण्याकडे तोंड करून बसली. घरी निघेपर्यंत तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नाही.