दोन बोटं खाली

गाडी काही केल्या सरळ उभी राहीना. मागून पाहिलं की ड्रायव्हरची बाजू दोन बोटं खाली. पानाकाकाचा जन्म गेला होता या गॅरेजच्या धंद्यात, जेवतानाही खिशात पाना असायचा म्हणून तर हे नाव पडलेलं. पण चार दिवस झाले, त्याची मती गुंग झाली होती.

काम तसं माहितीतलं होतं. पुतणीला बापाच्या जुन्या गाडीला मागे रुंद चाकं हवी होती. रुंद टायर आतून स्प्रिंगच्या पाट्यांना घासतात, म्हणून पाटे मूळ जागेवरून काढून आत, चासीच्या, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याच्या खाली सरकवायचे. थोरल्या भावाने अकरा वर्षांपूर्वी हाच घाट घातला होता, पानाकाकाच्याच हातून. रुंद चाकं बसली, त्याच संध्याकाळी वळणावर गाडी कठड्यावर गेली. गाडीला पोचे आले. थोरला गेला. मग पानाकाकानेच सगळं खोलून पाटे पुन्हा मूळ जागी नेले आणि गाडीवर ताडपत्री टाकली.

"स्टिअरिंगवर झोपला असणार," वहिनी तेव्हापासून म्हणायची. "हलगर्जी माणूस. मला आणि पोरीला वाऱ्यावर सोडून गेला." पानाकाका मान खाली घालून ऐकायचा. एक नाही, दोन नाही, अकरा वर्षं ऐकत राहिला मेला.

आणि आता ही दोन बोटं. त्याने पाट्यांची अदलाबदल करून पाहिली, डावा उजवीकडे, उजवा डावीकडे. खाली ती ड्रायव्हरचीच बाजू. फरशी तपासली, ती सरळ. नवे पाटे आणले, पुन्हा तेच. सीटवर चांगला भरभक्कम माणूस बसल्यावर गाडी दबते तेवढीच दबलेली, आणि सीट तर रिकामी. भर दुपारी, डोक्यावर पंखा गरगरत असताना त्याला घाम फुटला.

कारण त्याला ठाऊक होतं ना! पाट्यांचे शेवटचे बोल्ट गाडी हवेत उचलून आवळायचे नसतात. गाडी चाकांवर उभी करायची, ड्रायव्हरच्या सीटवर माणूस बसवायचा आणि त्या वजनाखाली आवळायचे, नाहीतर पाट्यांच्या टोकांतले रबरी बुश पिळवटतात. त्या दिवशी थोरला असाच सीटवर बसला होता आणि पानाकाका खाली खड्ड्यात. कुणाचं वेल्डिंग सरस, असल्या फालतू गोष्टीवरून दोघांची जुंपली. पानाकाका तणतणत वर आला आणि तसाच चालता झाला. बोल्ट नुसते हाताने फिरवलेले. थोरल्याला वाटलं, आवळून झालं.

पाचव्या दिवशी दुपारी पुतणी आली. "काका, आज आवळताय ना? मी बसते सीटवर."

"बस," म्हणत तो खड्ड्यात उतरला. वर एक दार उघडलं आणि लागलं. मग थोड्या वेळाने दुसरं. गाडी कुरकुरली. त्याने टॉर्च मारून एक्सल आणि चासीमधलं अंतर दोन्हीकडे मोजलं. सारखं. चार दिवसांत पहिल्यांदा सारखं! पोर ड्रायव्हरच्या सीटवर बसली असेल तर ती बाजू आणखी खाली जायला हवी होती. त्याने पुन्हा मोजलं. पुन्हा सारखंच.

पाना बोल्टवर चढवला, पण हात काही पुढे सरेना.

"पोरी," तो खालूनच म्हणाला, "तुझा बाप झोपला नव्हता."

पाना बोल्टवर तसाच ठेवून तो बोलत राहिला.

"हे बोल्ट मी आवळलेच नव्हते. भांडलो आणि निघून गेलो. नंतर कुणी बघायच्या आत सगळं खोललं. तुझी आई त्याला नावं ठेवत राहिली आणि मी तोंड शिवून बसलो."

आता ही उतरेल, निघून जाईल आणि पुन्हा या गॅरेजची पायरी चढणार नाही, असं त्याला वाटलं. या पोरीशिवाय त्याला दुसरं होतं कोण?

"आधी आवळा," ती म्हणाली.

त्याने आवळले. डोळ्यांतून पाणी गळत होतं, नाक गळत होतं, पुसायचं भान नव्हतं. शेवटचा बोल्ट दोनदा तपासला आणि तो शिडी चढून वर आला.

पोर ड्रायव्हरच्या सीटवर नव्हती. शेजारच्या सीटवर बसली होती, अगदी काठाला, दाराला चिकटून.

"तिकडे कशाला बसलीस?" त्याने विचारलं.

"तिकडचं दार उघडलं होतं मी," ती म्हणाली. "तिथे जागा नव्हती."

तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "आईला हे तुम्ही सांगायचं, काका. माझ्या तोंडून नाही. आत्ताच्या आत्ता. मागे बसा."

पानाकाका मागे बसला आणि त्याने दार ओढून घेतलं. गाडी कोण चालवणार, हे विचारायची त्याची छाती झाली नाही.