घरी चोवीस, पाळणाघरात बावीस

मी शाळेचा गायगर काउंटर बोलतोय. मला ‘टक्’ एवढंच बोलता येतं, पण ते मी मनापासून बोलतो.

अणूचं घर तुम्हाला ठाऊकच आहे. मधोमध इवलंसं केंद्रक, भोवती इलेक्ट्रॉन, बाकी सगळी मोकळी जागा. पण काही केंद्रकांत प्रोटॉन-न्यूट्रॉनांचं एकमेकांशी जमत नाही. मग घरातून कुणीतरी बाहेर पडतं, कधी अल्फा, कधी बीटा. उरलेली धुसफूस गॅमा होऊन निघते. हाच किरणोत्सार. त्यातलं कुणी माझ्या नळीत शिरलं, की आतल्या वायूचे इलेक्ट्रॉन उधळतात आणि मी म्हणतो, टक्.

एरवी मी कपाटात, मोडक्या तराजूशेजारी असतो. त्या दिवशी मात्र भौतिकशास्त्राच्या बाईंनी मला बाळाच्या दुपट्यात गुंडाळून घरी नेलं. त्यांची बाळंतपणाची रजा संपत आली होती. सात महिन्यांच्या लेकीला सोमवारपासून पाळणाघरात ठेवायचं की नोकरीच सोडायची, ते ठरत नव्हतं.

‘किरणोत्सार सगळीकडे थोडा असतोच, घाबरू नये,’ असं दरवर्षी फळ्यावर लिहिणाऱ्या बाईंनी मला पाळण्याशी धरलं. मिनिटाला चोवीस टक्. त्यांनी पाळणा पुसला, चादर बदलली. सव्वीस. पोर आत्ता कुठे झोपलंय, या यंत्राला गप्प कर, असं सासूबाईंनी बजावलं. मग स्वतःचेही मोजून घेतले. एकवीस निघाले. सुनेच्या पाळण्यापेक्षा आपले कमी, हे त्यांनी आपल्या लग्न झालेल्या लेकीला लगेच फोन करून कळवलं.

शनिवारी बाई मला आणि लेकीला घेऊन पाळणाघरात गेल्या. मी आपला टकटकलो.

“किती आले?” पाळणाघराच्या मावशींनी विचारलं.

“बावीस.”

“आणि तुमच्या घरी?”

बाई ओशाळल्या. “चोवीस.”

“मग पोरीला इथेच ठेवा. वाटलं तर तुम्हीही या.”

बाई समजावू लागल्या, की चोवीस काय नि बावीस काय, सारखंच. दगडमातीतून, आकाशातून एवढं येतच असतं. कोणता अणू कधी फुटेल ते मात्र सांगता येत नाही. लाखोंचा हिशेब लागतो, एकाचा नाही. बोलता बोलता त्या थांबल्या.

“आणि मला एकच आहे,” त्या म्हणाल्या.

“ते कळलं मला. द्या तिला इकडे.”

लेक गेली ती थेट मावशींच्या चष्म्यावर. आईकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. बाईंना तेवढं लागलं.

आता महिना झालाय. बाई रुजू झाल्यात आणि माझ्या कपाटाला टेकून पाळणाघरात फोन करतात. पहिल्या आठवड्यात दिवसाला आठ, दुसऱ्यात चार, तिसऱ्यात दोन. ठरावीक काळात निम्मं, पुन्हा तेवढ्याच काळात त्याच्या निम्मं, याला आमच्यात अर्धायुष्य म्हणतात. परवा मावशी फोनवर म्हणाल्या, “हे बंद कधी होणार, बाई?”

मावशी, या विषयात माझं आयुष्य गेलंय, म्हणून सांगतो. शून्याची वाट पाहू नका. फोन वाजला की उचला.