पोटमाळ्यावरचे आजोबा

पाहुणे यायचे म्हटले की काळाचौकीच्या त्या खोलीत पोहे भिजायचे, अपेक्षाचे कुरळे केस मशीनने ताणून सरळ केले जायचे आणि भिवाआजोबा मुकाट शिडी चढून पोटमाळ्यावर जायचे.

आजही अपेक्षाच्या आईने, सुचित्राने, सासऱ्यांच्या हाती उशी दिली. "बाबा, खोकला आला तर तोंडावर धरा हां. दादरचं स्थळ आहे, हातचं जायला नको."

भिवाआजोबा कर्नाटकातल्या येल्लापूरच्या रानातले सिद्दी, पूर्वज आफ्रिकेतले. तरुणपणी गिरणीत लागले, देवगडची मुलगी केली, इथलेच झाले. पण 'हबशी', 'गुलामाची अवलाद' हे काही सुटलं नाही. शेवटी घरानेच खोटा इतिहास रचला: मूळ गाव देवगड, रंग बॉयलरवर रापलेला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं थोडंच?

मुलाच्या आईने, मीनाक्षीबाईंनी, अपेक्षाला न्याहाळलं. "केस मुळाशी कुरळे दिसतात हो?"

"लहानपणी टायफॉइड झालेला," सुचित्राने वेळ मारून नेली.

"आणि हिचे आजोबा?"

"ते ना? ते कधीच वारले."

अपेक्षाचा बाप अजित खाली मान घालून बसला. वर फळी करकरली आणि लगेच गप्प झाली. आजोबांनी उशी दाबली असणार, हे कळून अपेक्षाचाच श्वास कोंडला. जहाजात कोंबून आफ्रिकेतून आणलेली, मालकांच्या तावडीतून निसटून रानात वस्त्या वसवणारी शूर माणसं! त्यांच्या गोष्टी आजोबांनीच तिला सांगितल्या होत्या. आणि ते स्वतःच्याच घरात मेलेले? तिला लाज वाटली, संताप आला. पोह्यांची बशी घेऊन ती शिडी चढली.

"आजोबा, खाली या."

"गप गो बाय," म्हातारा कुजबुजला. "लग्न होऊन जाऊ दे तुझं. मी मेलेलोच बरा."

अपेक्षा शिडीवरूनच वळली. "काकू, माझे आजोबा जिवंत आहेत. सिद्दी आहेत. आणि हे केस टायफॉइडचे नाहीत, यांचे आहेत."

मीनाक्षीबाईंनी बशी खाली ठेवली आणि मुलाला खूण केली.

"घालवलंस गं सोन्यासारखं स्थळ!" सुचित्रा रडू लागली.

पाहुणे दाराशी चपला शोधत होते. वरून दबका आवाज आला, "गेले का पाहुणे?"

"नाही गेले," अपेक्षा म्हणाली. "तरी या."

मग अजित उठला आणि त्याने दोन्ही हातांनी शिडी धरली.

"या बाबा."