जाड तार

नांदेडहून लातूरला बदली होऊन आलो तेव्हा मी तेहतीस वर्षांचा होतो. पाटबंधारे खात्यात कारकून होतो आणि बेस गिटार वाजवत होतो. पहिल्या दोन गोष्टी ऐकून लोक मान डोलवायचे. तिसरी ऐकली की विचारायचे, "म्हणजे काय?"

गिटार मी सिकंदराबादहून आणली होती, वापरलेली. एका ख्रिश्चन म्हाताऱ्याची होती, तो चर्चमध्ये वाजवायचा. लालसर तपकिरी रंग, मागच्या बाजूला पट्ट्याच्या बकलानं पडलेले ओरखडे, आणि साध्या गिटारीला सहा असतात तिथं चारच तारा. लातुरात पहिल्यांदा स्टेजवर उभा राहिलो तर पुढच्या रांगेतून एक जण ओरडला, "ओ सायेब, दोन तारा घरी राहिल्या का?"

हणमंतरावांचा ऑर्केस्ट्रा होता. हणमंतराव स्वतः गायचे, दिवसा त्यांचं कापडाचं दुकान. गणपतीत, लग्नसराईत, बाजार समितीच्या कार्यक्रमांत आम्ही वाजवायचो. रेणापूर, औसा, निलंग्यापर्यंत जायचो. अडचण एकच होती. माझा आवाज कुणाला ऐकूच जायचा नाही. तेव्हा सगळं भोंग्यांवर चालायचं, आणि भोंग्यातून बेस म्हणजे पत्र्याच्या डब्यात अडकलेली माशी.

हणमंतराव म्हणाले, "शंकरप्पाकडं जा. गोलाईच्या बाजारामागं बसतो. त्याच्या हातानं मेलेला रेडिओ बोलतो."

शंकरप्पांचं दुकान म्हणजे आठ बाय सहाची खोली. स्वतः माझ्यापेक्षा आठेक वर्षांनी मोठे, कपाळाला विभूती, कानाच्या मागं टेस्टर खोचलेला. तेरणेकाठच्या एका गावचे. बायको नीलम्मा गावी शेत बघायची, एकुलती मुलगी महानंदा उदगीरला दिलेली. हे शनिवारी गावी जायचे आणि सोमवारी पहिल्या एसटीनं परत यायचे. माइक तपासताना सगळं जग 'हॅलो हॅलो' म्हणतं. शंकरप्पा कानडीत 'ओंदु, एरडु, मूरु' मोजायचे.

मी गिटार त्यांच्या हातात दिली. त्यांनी सगळ्यात जाड तार अंगठ्यानं ओढली आणि गिटारीच्या लाकडाला कान लावला. बराच वेळ तसेच बसले.

"रागुराव," पहिल्या दिवसापासून ते माझं नाव असंच घ्यायचे, "ह्यो आवाज कानाचा न्हाई. पोटाचा हाय. ह्याला मोठं घर लागतंय."

घर बांधायला दोन महिने लागले. बंद पडलेल्या एका तंबू टॉकीजचा पंधरा इंची स्पीकर त्यांनी कुठून तरी पैदा केला. सागवानी फळ्यांची पेटी केली आणि आतून चारी बाजूंना जुन्या घोंगडीचे तुकडे ठोकले, आवाज आतल्या आत आदळू नये म्हणून. शेवटच्या दिवशी पेटीवर पितळी ताट ठेवलं, त्यात मूठभर ज्वारी टाकली आणि म्हणाले, "वाजवा."

मी जाड तार छेडली. ज्वारी ताटात नाचायला लागली. शंकरप्पांनी एकेक स्क्रू आवळत, घोंगडीचा एखादा तुकडा काढत-घालत संध्याकाळ केली. दाणे सगळ्या ताटात सारखे नाचायला लागले तेव्हाच ते उठले.

त्यानंतरची पाच वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली. गिटारीची मी लहान मुलासारखी काळजी घ्यायचो. लातूरचा मे महिना लाकडाचा वैरी. दांडी वाळून वाकायची, तारा वर उचलायच्या, बोटं सोलून निघायची. मग दांडीच्या आतल्या सळईला किल्लीनं पाव फेरा द्यायचा, एक दिवस थांबायचं, पुन्हा बघायचं. घाई केली की दांडी कामातून गेली. कपाटात गिटारीशेजारी मी पाण्यानं भरलेला गडू ठेवायचो आणि वर्षातून दोनदा दांडीवरच्या पट्टीला जवसाचं तेल लावायचो.

तारा मात्र हैदराबादशिवाय मिळत नसत. घामानं आणि धुळीनं त्या मंद व्हायच्या, आवाज ओल्या पोत्यासारखा यायचा. सिकंदराबादच्या त्या म्हाताऱ्यानं उपाय सांगितला होता: तारा पाण्यात उकळायच्या. पहिल्यांदा उकळल्या तेव्हा माझी बायको इंदू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"हे माझ्या दुधाच्या पातेल्यात काय शिजून राहिलं?"

"तारा."

"कशाच्या?"

"गिटारीच्या. मळ निघतो."

तिनं झाकण उचलून आत पाहिलं. पाणी काळं झालं होतं. "हे पातेलं आता तुमचं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिनं नवं आणलं. पण संध्याकाळी तारा पुसून चढवल्या आणि वाजवून पाहिलं, तर आतून आवाज आला, "आज बरं वाजतंय." आपल्याला सूर-ताल काही कळत नाही असं इंदू आजही म्हणते.

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवपासूनचं क्लासेसचं लातूर लोकांना ठाऊक आहे. त्याआधीचं लातूर आमचं होतं, आणि ते ब्याण्णव-त्र्याण्णवपर्यंतच होतं.

त्र्याण्णवच्या गणपतीत आम्ही दहा दिवस वाजवत होतो. विसर्जनाच्या दिवशी दुपारीच शंकरप्पांनी पेटी माझ्या घरी आणून ठेवली. "आमच्या गावचा गणपती बी आज बुडतोय, तिथं माइक लावायचाय," म्हणाले आणि एसटी पकडून गेले. त्याच रात्री, पहाटेच्या सुमाराला भूकंप झाला. लातुरात आम्ही भांड्यांच्या आवाजानं उठून रस्त्यावर आलो. काय झालं ते उजाडल्यावर कळायला लागलं, आणि मग कळतच राहिलं.

मी तिसऱ्या दिवशी ऑफिसच्या जीपमधून शंकरप्पांच्या गावी पोचलो. पाऊस लागला होता. गाव असं उरलंच नव्हतं. दगड आणि पांढरी माती. शंकरप्पा एका ढिगापुढं पोतं पांघरून बसले होते. मी शेजारी बसलो. ते म्हणाले, "मी भाईर झोपलो हुतो. ती आत हुती." एवढंच. मी त्यांना लातूरला घेऊन आलो. आमच्या पुढच्या खोलीत ते चार महिने राहिले. त्या रात्रीबद्दल दुसरं वाक्य त्यांनी उच्चारलं नाही आणि मी विचारलं नाही.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत हणमंतराव म्हणाले, पत्र्याच्या शेडमध्ये भूकंपग्रस्त लोक राहतायत, त्यांच्यासाठी फुकट कार्यक्रम करू, तेवढंच मन रमेल. शंकरप्पांनी स्वतःहून पेटी टेम्पोत चढवली. शेडच्या दोन रांगांच्या मधल्या जागेत दुपारी चारला आम्ही उभे राहिलो. माणसं आली, बायका आल्या, पोरं पुढं बसली. पहिलं गाणं हार्मोनियम-तबल्यावर झालं. लोकांनी टाळ्याही वाजवल्या. दुसऱ्या गाण्याला मी जाड तार मोकळी छेडली.

दोन्ही बाजूंचे पत्रे घुमले. सगळे एकदम, बुडापासून.

आधी कुणी ओरडलंच नाही. सगळे एकाच वेळी उभे राहिले. मग एक बाई पोराला दंडाला धरून ओढत पळाली आणि मग सगळेच पळाले. एक म्हातारी पडली, तिच्या कोपराला लागलं. मी तार दाबून धरली तरी पत्रे आणखी क्षणभर थरथरत होते. शंकरप्पांनी वायर उपटली. मी पाहिलं तर ते वायर हातात धरून जमिनीवर बसले होते, डोळे मिटून.

हणमंतरावांनी हात जोडले, लोकांना समजावलं. कुणी आम्हाला रागावलं नाही. त्या म्हातारीनं तर परत येऊन विचारलं, "लेकरांनो, च्या घेता का?" ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं.

परत येताना टेम्पोत मी शंकरप्पांना म्हणालो, "मला सुचायला पाहिजे होतं."

"तुमचा काय दोष. त्या येळेला जमिनीतनं असाच आवाज आलता." मग म्हणाले, "तुमी वाजवा, रागुराव. मला नका बोलवू."

दुसऱ्या दिवशी मी जाड तार काढली. तीन तारांवर वर्षभर वाजवलं. ते दोन पायांच्या स्टुलावर बसण्यासारखं होतं. एवढ्यात हणमंतरावांनी नवा कीबोर्ड घेतला, वाजवणारा डाव्या हातानं बेसही वाजवायचा. मला कुणी नको म्हणालं नाही. मीच जायचं बंद केलं. पुढं ऑर्केस्ट्राच मोडला. हणमंतरावांनी कापडाचं दुकानही बंद केलं आणि विद्यार्थ्यांची मेस काढली.

कारण आता शहरच विद्यार्थ्यांचं झालं होतं. अर्धापूर, उमरी, परभणी, कुठून कुठून पोरं-पोरी यायची. पाठीला सॅक, हातात सायकल, तोंडात टक्केवारी. गल्लोगल्ली क्लासेसचे फलक लागले. आमची तालमीची खोली रसायनशास्त्राच्या क्लासला गेली. इंदूनं वरच्या दोन खोल्या मुलांना दिल्या. मी गिटार दिवाणाखाली ठेवली. वाजवत नव्हतो, पण दर मे महिन्यात काढून सळई बघायचो, जवसाचं तेल लावायचो, गोधडीत गुंडाळून परत ठेवायचो.

शंकरप्पांचं मात्र नशीब त्याच काळात उघडलं. तीनशे-चारशे पोरं एका हॉलमध्ये. मागच्या बाकाला सरांचा शब्द स्पष्ट पोचला पाहिजे. कॉलर माइक आणि स्पीकर बसवायला सगळे त्यांनाच बोलावायचे. मी एकदा बघायला गेलो होतो. ते मशिनीवरचा जाड आवाजाचा खटका पार खाली आणून ठेवायचे. "सरांचं बोलणं कसं, सुईसारखं पायजे," म्हणायचे. रस्त्यात भेटलो की थांबायचो, प्रकृती विचारायचो. घरी मात्र ते येत नव्हते.

दोन हजार सात सालच्या जानेवारीत एका दुपारी ते आले. साठी गाठलेली, विभूती तशीच. इंदूनं दार उघडून "या भाऊजी, किती वर्षांनी," म्हटलं, तर ते तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"वैनी, जरा मोठ्यानं. मला ऐकू येत न्हाई आताशा."

आत बसल्यावर सांगायला लागले. तीस वर्षं भोंग्यांच्या तोंडाशी काढली, त्याचं हे बक्षीस. डॉक्टरांनी यंत्रावर तपासलं. बारीक आवाज सगळे गेले. पाखरं गेली, फोनची घंटी गेली. माणसं बोलतात ते नुसतं पुटपुटल्यासारखं.

"मग राहिलं काय?" मी ओरडून विचारलं.

"जाड तेवढं राहिलं. ट्रक जातो ते कळतंय. गिरणी कळतीय." ते हसले. "त्या हॉलमदी गेलो काल. सर बोलायलेत, पोरं लिवायलीत, मला काहीच न्हाई. मनात आलं, रागुराव वाजवतील तर ऐकू येईल."

मी दिवाणाखाली बघितलं. ते म्हणाले, "हाव. तीच तार."

तारा आता लातुरातच मिळत होत्या, हणमंतरावांच्या मेसच्या रांगेतल्या एका दुकानात. मी संध्याकाळी नवा संच आणला. दुसऱ्या दिवशी शंकरप्पा हत्यारांची पिशवी घेऊन आले. पेटी माळ्यावरून खाली काढली. चालू केली तर नुसती बारीक चिरचिर. त्यांना ती ऐकू येत नव्हती, म्हणून कान माझे आणि हात त्यांचे असं काम सुरू झालं.

"हाय का अजून?"

"आहे!"

"आता?"

"कमी झाली!"

"आता बघा."

"गेली!"

वरून एक मुलगा जिन्यात येऊन म्हणाला, "काका, उद्या टेस्ट आहे." इंदूनं त्याला लाडू देऊन परत पाठवलं.

मग मी गिटार गळ्यात घातली. खांद्याला तिचं वजन आधीपेक्षा जास्त वाटलं. शंकरप्पांना काय होईल याची भीती होती. ते पेटीवर तळहात ठेवून बसले. मी जाड तार हळूच छेडली. त्यांनी मान हलवली. आणखी मोठ्यानं, अशी बोटांनी खूण केली. मी छेडली. खिडकीची तावदानं वाजली. मी चटकन दाबायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"राहू द्या. आवाज यायलाय."

आवाज विरेपर्यंत ते तसेच बसले. मी एकेक सूर वाजवत गेलो, गाणं असं नाहीच, नुसते पायऱ्यांसारखे सूर. अर्ध्या तासानं त्यांनी हात काढला आणि बोलायला लागले, मला न विचारता.

"त्या राती लई उकडत हुतं. मी बाज अंगणात काढली. ती दारात येऊन म्हणली, दंव पडतंय, आत या. मी म्हणलं, तूच ये भाईर. तर म्हणती, बायामाणसानं अंगणात झोपावं का, लोक काय म्हणतील. मी हसलो आन् कूस बदलली." त्यांनी पेटीवरून हात फिरवला. "एकदा आनखी म्हणलो असतो, तर आली असती. तेरा वर्षं हेच."

बोललो असतो तरी त्यांना ऐकू गेलं नसतं. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ते रडले, मोठ्यानं. स्वतःचं रडणं त्यांना किती ऐकू येत असेल, कोण जाणे.

इंदूनं चहा आणला. चहा पिऊन झाल्यावर ते म्हणाले, "घरातलं सगळं गेलं. तिचा एक फोटू राहिला न्हाई. तुमी बघितलं हुतं न्हवं तिला?"

बघितलं होतं, एकदाच, नव्वदच्या संक्रांतीला, त्यांच्या गावच्या घरी. मी सांगायला लागलो, पण त्यांना शब्द लागेनात. मग पोरांच्या प्रश्नपत्रिकेचा एक पाठकोरा कागद घेतला आणि मोठ्या अक्षरात लिहिलं. हिरवं लुगडं होतं. उंच होत्या, दारातून येताना वाकल्या. मला म्हणाल्या, सायेब, तुमच्यासारखी बोटं आमच्या मालकाला असती तर कापूस लवकर वेचून झाला असता. मला बाजरीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. तिसऱ्या भाकरीला नको म्हणालो तर रागावल्या.

शंकरप्पांनी चष्मा लावून ते दोनदा वाचलं. बोट एका ओळीवर थांबलं.

"बाजरीची न्हवं. ज्वारीची आसंल. बाजरी ती करतच नव्हती."

"संक्रांत होती, शंकरप्पा! बाजरीचीच होती! तीळ लावलेली!"

त्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून मी तेही खाली लिहिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "हाव. तीळ लावायची ती."